दमयंती नबौचा थंड हात

फाल्गुन सरायला लागला की गावातल्या बायका माझ्याशी गोड बोलायला लागतात. एरवी माझ्या दारावरून जाताना अंगावरची चादर सावरून पुढे सटकतात, कारण माझं तोंड फाटकं आहे असं सगळ्या गावाचं मत आहे. असू दे. पण भूत जोलोकियाची रोपं वाफ्यातून काढून लावायची वेळ आली की त्यांना तेच तोंड हवं असतं. आमच्याकडे ही मिरची तापट माणसाच्या हातानं लावतात. ज्याच्यावर राग असेल त्याला आठवायचं, रोपाला चार शिव्या हासडायच्या आणि बुंध्याशी माती दाबायची. थंड स्वभावाच्या माणसानं लावली तर मिरची फिकी येते, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे त्या दिवसांत मी आपली शिव्या देत गावभर फिरते आणि घरोघरी पान-सुपारी खाऊन येते.

शेजारच्या हांदिकांकडून मात्र मला कधी बोलावणं आलं नव्हतं. त्यांना माझी गरजच नव्हती. घरात थानेश्वर ककाई होते ना. मी त्यांना ककाई म्हणते, म्हणजे थोरला भाऊ, पण असला भाऊ वैऱ्यालाही नको. चहाच्या मळ्यात पानं तोलायचं काम केलं आयुष्यभर, आणि घरी आले की बायकोचं प्रत्येक काम तोलायचं. चहा गार का, गाय अजून बाहेर का, अंग पुसायचा गामोसा कुठे ठेवला. मिरची लावायला यांच्यापेक्षा चांगला हात कुठून आणायचा?

त्यांची बायको दमयंती नबौ. वहिनी म्हणून नबौ म्हणायचं एवढंच. लग्न होऊन आली तेव्हा मी परकरी पोर होते, तिच्या मागे मागे फिरायचे. उंच, हाडापेरानं मोठी, आणि आवाज मात्र असा की कोंबडीसुद्धा हटायची नाही. तिचं माहेर नदीपलीकडचं. तिकडे आंबट खातात, साधं खातात, पण असलं जळजळीत खात नाहीत. इथे आली तर नवरा रात्रभर पाण्यात भिजलेल्या भाताबरोबर अख्खी जोलोकिया मुळ्यासारखी कचाकचा खाणारा. माघ बिहूच्या सणाच्या जेवणात पैजा लागायच्या. मोठमोठे गडी नाक पुसत उठायचे आणि ककाई मिशीला हात लावून दुसरी मिरची मागायचे. मळ्यात कुणी बाहेरचा साहेब आला की त्याला घरी घेऊन यायचे, नुसतं हे बघायला. "आमच्या परसातली आहे," असं सांगायचे, आणि पाहुणा मान डोलवायचा.

आमच्या परसातली. ककाई रोप लावून, शिव्या देऊन, हात धुऊन मोकळे. पुढचं सगळं नबौचं. सुपारीच्या झाडांखाली, गोठ्याच्या कडेला तिची झाडं असायची, जिथे ऊन गाळून येतं. चुलीतली राख चाळून घाल, मासे धुतलेलं पाणी घाल, ऊन कडक झालं की केळीच्या सोपटानं झाकण कर, पावसात चर काढ. पिकली की तोड. देठ काढ, काही तेलात घाल, काही चुलीवरच्या मचाणावर धुरात वाळव, बी वेगळं ठेव. मिरच्या चिरल्या की तिची बोटं संध्याकाळपर्यंत आग आग व्हायची. ती मोहरीचं तेल चोळून दह्याच्या वाडग्यात बोटं बुडवून पायरीवर बसायची. मी माझ्या ओसरीवरच्या हातमागावरून बघायचे. विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, जरा बसले."

हे "जरा बसले" मी इतक्या वेळा ऐकलंय. ती नुसती दमलेली असायची. आजारी नाही, दुःखी नाही, दमलेली. मुलगी डिब्रूगढला दिली, ती फोन करून विचारायची, आई कशी आहेस, तर ही म्हणायची बाबा बरे आहेत.

मग ककाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढायला लागले, तोंड वाकडं झालं. इस्पितळातून आणले तेव्हा बोलणं बोबडं होतं, ते हळूहळू सुधारलं. स्वभाव काही गेला नव्हता. मला वाटलं होतं निदान तो तरी झटक्यात जाईल.

त्या वर्षी फाल्गुनात रोपं तयार झाली आणि लावायला हात नाही. ककाई अंगणात बाकावर बसून म्हणाले, "लाव तूच. आणि रागानं लाव, लाडू वळल्यासारखी नको लावूस." नबौनं लावली. कुणाला हाक नाही, काही नाही, निमूटपणे. पावसाळ्याच्या तोंडाला पहिली मिरची पिकली, लालभडक, सुरकुतलेली, वास असा की मला माझ्या ओसरीवर शिंक आली. ककाईंनी ती डाव्या हातानं उचलली, चावली, आणि ताटात थुंकली.

"काकडी आहे ही," म्हणाले. "घालवलंस. माझ्या आईच्या वेळचं बी, घालवलंस एका हंगामात."

झालं. वर्षभर तेच चाललं. सकाळी काकडी, दुपारी काकडी. कुणी भेटायला आलं की, "हिचा हात थंड. मिरचीचा भोपळा करून ठेवला." आणि गाव तरी काय, गावानं मान हलवली. नबौचा हात थंडच, ती आयुष्यात कुणावर ओरडली नाही, मग मिरची तिखट येईल कशी? बायकांनी उपाय सांगितले. राख जास्त घाल. पाणी तोड. झाडाला चपलेनं मार. नबौनं चप्पल सोडून सगळं केलं.

खरं सांगायचं तर मिरचीचं कुणाला पडलं होतं? ककाई जेवेनासे झाले, हा खरा घोर होता. फिक्या मिरचीबरोबर घास उतरत नाही म्हणायचे. दोन घास खायचे आणि ताट सारायचे. गालफडं बसली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत चढायला लागलं. डॉक्टर म्हणाले, औषधं देऊन काय करू, पोटात अन्न हवं. हा माणूस असाच वाळत वाळत जाणार आणि जाताना "हिच्या हातानं गेलो" म्हणणार, हे मला दिसत होतं. तिला दिसत नसेल असं थोडंच आहे.

पुढच्या फाल्गुनात ती माझ्या ओसरीवर आली. मी माग थांबवला.

"बोगी," ती म्हणाली, "आमची रोपं लावशील का?"

"शिव्या द्यायला बोलावतेस?"

"हो गं. तुझ्या हाताची सगळीकडे तिखट येते म्हणतात."

"माझ्या हाताची नाही, तोंडाची," मी म्हणाले. "आणि तुझ्या घरात एक तोंड असताना माझं कशाला? बाकावर बसवून शिव्या द्यायला लाव त्यांना. नाहीतरी दिवसभर तेच करतात."

"ते मला देतात. रोपांना देत नाहीत."

ती हसली सुद्धा नाही. मी पदर खोचला आणि निघाले.

सुपारीखाली खड्डे तिनं आधीच करून ठेवले होते. मी पहिलं रोप घेतलं, मागच्या वर्षी माझं सूत घेऊन गेलेल्या आणि परत न फिरकलेल्या जावेला आठवलं, आणि सुरुवात केली. दुसरं रोप तिच्या नवऱ्याच्या नावानं. तिसऱ्याला मी बाकाकडे बघितलं आणि आवाज मुद्दाम चढवला. "मेल्या, आयतं खाऊन माजलास, पाणी हातात लागतं, गामोसा हातात लागतो, आणि वर बायकोच्या हाताला नावं ठेवतोस? जळ. असा जळ की खाणाऱ्याचे कान पेटले पाहिजेत." ककाईंनी मान दुसरीकडे फिरवली. नबौ रोपं हातात देत होती, तिचे खांदे हलले. हसत असावी.

"आता तू एक लाव," मी म्हणाले. "मनातलं सगळं ओक. मी ऐकत नाही समज."

तिनं रोप खड्ड्यात ठेवलं. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शेवटी म्हणाली, "नीट ये बाबा. खूप दमले मी."

ही तिची शिवी.

त्या वर्षीची मिरची मी स्वतः चाखली. नखाएवढा तुकडा घेतला होता. पहिल्यांदा काही नाही, जरा गोडसर वास. मग जी आग चढली ती घशातून कानात आणि कानातून टाळूत. मी गोठ्यातल्या बादलीत तोंड घातलं, दही खाल्लं, गूळ खाल्ला, पायरीवर बसून लाळ गाळत नबौच्या बापजाद्यांचा उद्धार केला. लहानपणापासून खाते मी ही मिरची, पण अशी नाही बघितली. मनात म्हटलं, आता जेवतील ककाई.

नबौनं ताट वाढलं. बटाट्याचं भरीत, पाण्यातला भात, कडेला त्याच झाडाची अख्खी मिरची. मी दारात उभी. ककाईंनी मिरची उचलली, चावली, चावली, गिळली. आम्ही बघतोय. डोळ्यात पाणी नाही, कपाळावर घाम नाही.

"काकडी," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यातही काही राम राहिला नाही, बोगीतरा."

माझी जीभ अजून सुजलेली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला कळलं. इतकी साधी गोष्ट. झाड बरोबर होतं, हात बरोबर होता, मागच्या वर्षीचाही बरोबर होता. झटक्यानं यांचं तोंड मेलं होतं. आणि सगळं गाव वर्षभर त्या बाईचा हात तपासत होतं, ती मिरची चाखून बघायचं, यांची जीभ बघायचं एकालाही सुचलं नाही.

मी तिला गोठ्यामागे ओढत नेलं. "नबौ, मिरचीला काही झालेलं नाही. त्यांना चवच नाही राहिली."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"गेल्या थंडीपासून माहीत आहे. उकळता चहा तसाच गिळतात. तोंडात फोड आले, त्यांना पत्ता नाही. मीच तूप लावते, ते झोपले की."

मला असा संताप आला की विचारू नका. "आणि तू ऐकून घेतेस? गावभर तुझी बदनामी, तुझा हात थंड, तू बी घालवलंस, आणि तू माझ्याकडून रोपं लावून घेतेस?"

"मला वाटलं, तुझ्या हातची फारच तिखट आली तर थोडी तरी लागेल."

"सांगून टाक त्यांना."

ती गोठ्याच्या खांबाला टेकली. "सांगून काय करू? त्यांच्याकडे आता दुसरं काय आहे? हात गेला, पाय गेला. मिरची खाणारा माणूस म्हणून लोक ओळखतात, तेवढंच राहिलंय. तेही नाही म्हटलं तर भिंतीकडे तोंड करून पडतील. माझ्यावर चिडतात तेव्हा निदान दोन घास जातात रागारागात."

"आणि तुझं काय?"

"माझं काय. भांडायला अंगात जोर लागतो, बोगी. तुझ्यात आहे. माझ्यात नाही राहिला."

मी घरी आले आणि मागावर इतक्या जोरात हात मारला की तीन धागे तुटले.

पण असल्या गोष्टी लपत नाहीत. पावसानं उघडीप दिली होती, नबौ परसात चर साफ करत होती. ककाईंच्या डोक्यात आलं की बायको आणि डॉक्टर संगनमतानं आपल्याला बदललेली मिरची खायला घालताहेत. मध्यंतरी डॉक्टरांनी तिखट बंद करा म्हटलं होतं, त्यावरून. म्हणून ते काठी टेकत स्वतः झाडापर्यंत गेले. डाव्या हातानं मिरची तोडली, तिथेच पायरीवर बसले, मांडीखाली धरून सुरीनं उभी चिरली, बोटानं आतला पांढरा गर आणि बिया खरवडून काढल्या आणि जिभेवर घेतल्या. मी माझ्या ओसरीवरून बघतेय. वाट बघितली त्यांनी. काही नाही. "अहो बघा, काकडी," असं कुणाला तरी म्हणाले आणि उन्हानं डोळ्यावर आलेला घाम पुसला. त्याच हातानं.

म्हातारा असा ओरडला की सुपारीवरचे पक्षी उडाले.

मी कुंपणावरून उडीच मारली. नबौ चिखलाच्या हातानं धावत आली. तिनं हात धुतले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, गामोसा दुधात बुडवून डोळ्यावर धरला, पिळला, परत बुडवला. ते पाय झाडत होते, रडत होते, आई आई करत होते. हळूहळू ओरडणं थांबलं. डावा डोळा सुजून बंद झाला होता, गालावरून पाणी वाहत होतं. ते तसेच तिच्या मांडीवर पडून राहिले.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "तिखट आहे."

"हो," नबौ म्हणाली.

त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. त्या ओठांवर अजून बिया चिकटलेल्या होत्या. त्यांनी एक बी दातांखाली घेतली, चावली. मग तोंड मिटून घेतलं. मी कुंपणापाशी उभी होते. जावं की थांबावं मला समजेना, आणि मी गेले नाही.

"मागच्या वर्षीची?" त्यांनी विचारलं.

"तीही होती."

"तुला माहीत होतं."

ती गामोसा पिळत राहिली.

"मग वर्षभर ऐकून का घेतलंस? एकदा तरी बोलायचं होतंस तोंडावर माझ्या."

"दमले होते हो," ती म्हणाली. "राहून गेलं."

तिला जी भीती होती तेच झालं. ककाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मिरची मागेनात, भांडेनात, मला टोमणे मारेनात. ताट जसंच्या तसं परत. मुलगी येते म्हणाली, डॉक्टर म्हणाले घेऊन या, सलाइन लावू. ककाईंनी खाटेची कड धरली आणि सोडली नाही. मला शिव्या द्यायला कधी शब्द कमी पडत नाहीत, पण त्या पाठीला काय बोलणार? दोन दिवस अन्नाचा कण नाही पोटात. नबौ सारखी वाढून आणायची, बाजूला बसायची, उठून परत न्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाडगाभर माशाचं आंबट घेऊन गेले. दारातूनच बघितलं. नबौ खाटेशेजारी जमिनीवर बसली होती, पुढे त्यांचं ताट. भात, भोपळ्याची भाजी, भरीत. मिरची नव्हती. कुणासाठी घालणार? ती त्या ताटाकडे बघत होती. सकाळपासून तिनंही काही खाल्लं नसणार, आणि नवऱ्याआधी जेवायची सवय आमच्या पिढीतल्या कुठल्याच बाईला नाही. पण बसल्या बसल्या तिचा हात पुढे गेला. तिनं भात-भाजीचा घास कालवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. काही ठरवून नाही. भूक लागली होती आणि स्वयंपाकघरात जाऊन वेगळं वाढून घ्यायचं त्राण नव्हतं, एवढंच. ती चावत होती, डोळे मिटलेले.

भिंतीकडून आवाज आला. "जेवतेस?"

ती दचकली. घास तोंडातच. "हो."

"माझ्या ताटातलं?"

"हो."

मला वाटलं आता चिडतील, आणि खरं सांगते, चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

नबौ माझ्याकडे बघायला लागली, जणू प्रश्न मला विचारलाय. तिनं घास गिळला. "बरं झालंय."

"बरं म्हणजे? मला कळत नाही म्हणून विचारतोय. नीट सांग."

तिनं आणखी एक घास घेतला, सावकाश चावला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"आज विसरलीस?"

"नाही. नेहमीएवढंच आहे. तुम्हाला लागायचं तेवढं. तिखट असलं की कळत नाही. मला आधीपासून ते कमीच वाटायचं."

"आधीपासून म्हणजे?"

"आल्यापासून."

ककाई हळूहळू कुशीवर वळले. एक डोळा अजून सुजलेला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण ते तिच्याकडे असं बघताना मी बघितलं नव्हतं.

"तुझ्या चवीनं घाल," ते म्हणाले. "आण मीठ, घाल, आणि मग मला दे. मी खाईन. काय लागतंय ते तू सांगत जा."

नबौ उठली. स्वयंपाकघरात गेली. ककाई वाट बघत राहिले, मी वाट बघत राहिले. मीठ आणायला किती वेळ लागतो? माझ्या हातातला वाडगा निवला. शेवटी मीच आत गेले.

ती चुलीपाशी उभी होती. मिठाची बरणी उघडी, चिमटीत मीठ, आणि हात तसाच अधांतरी. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"बोगी," ती म्हणाली, "किती घालू गं? मला किती लागतं तेच मला माहीत नाही."

मी हातातला वाडगा चुलीपाशी ठेवला. मग मी म्हणाले, "थोडं घाल, चाखून बघ, परत घाल. वाट बघत बसू देत त्यांना."